काटेकाकांचं उजवं वळण

मंगळवारी सकाळी काटेकाका उठले तेव्हा त्यांची मान डावीकडे कललेली होती. झोपेतून उठल्यावर माणसाचं बरंच काही कललेलं असतं, चहा पोटात गेला की सरळ होतं, अशा समजुतीने त्यांनी चहा केला आणि प्यायले. मान होती तिथेच. ती उजवीकडे वळवायला गेले तर कानापासून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की कप खाली ठेवताना बशीचा नेम चुकला.

मान आखडणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. आठवड्याला एखाद्याची आखडतेच. पण काटेकाकांच्या बाबतीत दोन अडचणी होत्या. पहिली इभ्रतीची. काकांनी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात तपासनीस म्हणून काढली होती. दुकानादुकानात जायचं आणि तराजूचा काटा मधोमध उभा राहतो की नाही ते बघायचं. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं आडनाव इमारतीत कुणाला आठवत नव्हतं. अशा माणसाची स्वतःचीच मान कलावी, म्हणजे खात्याची लाज काढल्यासारखं झालं.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. महिनाअखेर त्यांचा वाहन चालवण्याचा परवाना संपत होता, आणि त्यांच्या वयाला तो पुढे वाढवायचा तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. डोळे ठीक, कान ठीक, मान वळते, असं त्यावर लिहून द्यावं लागतं.

आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून दुसऱ्या गावी राहणारी लेक रोज आठ वाजता फोन करायची आणि दर तिसऱ्या फोनला स्कूटरवर यायची.

"बाबा, विका ना ती आता. कोपऱ्यावर बस थांबते."

"बसला माझी सवय नाही."

"सगळ्या गोष्टी चेष्टेवर नेऊ नका. एकटे जाता, मला इकडे धडकी भरते."

शेवटी तोड निघाली. डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं तर स्कूटर राहील आणि लेक पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिलं तर विकायची, आणि काका कुरकुर करणार नाहीत. काकांनी हे ऐटीत कबूल केलं होतं, कारण त्या दिवशी मान सरळ होती.

तसं बघितलं तर बसने त्यांचं काही अडणार नव्हतं. पण त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर एकोणतीस वर्षं एकच माणूस बसलं होतं. फोमला तिथे खळगा पडला होता. ही गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली नव्हती. खळग्यासाठी गाडी ठेवायची, हे बोलून दाखवायला जरा विचित्र वाटतं.

तर मान. काका दूध आणायला खाली उतरले आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, उशी काढून टाका. पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, दोन उशा घ्या. वाटेतल्या इस्त्रीवाल्याने काही न बोलता आधी मानेकडे आणि मग हातातल्या इस्त्रीकडे असं बघितलं, की काका दोन पावलं मागे सरले. किराणावाल्याला तर आनंद लपवता येईना. नोकरीत असताना काकांनी त्याचा तराजू दोनदा जप्त केला होता.

"काका, आज तुमचाच काटा कललाय! आता दंड कुणाला?"

"दूध दे."

"मी काय म्हणतो, दुसऱ्या बाजूला वजन टाकून बघा. आमच्याकडे हाच उपाय."

कललेल्या मानेचा आणखी एक त्रास असतो, तो काकांना त्या दिवशी कळला. मान एका बाजूला झुकवून उभा राहिलेला माणूस सहानुभूतीने ऐकतोय असं वाटतं. वहिनींनी जिन्यात अडवून जावेची सगळी हकीकत सांगितली. विमा एजंटांनी आयुष्यात पहिल्यांदा पॉलिसीऐवजी स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. पत्रे टाकायला आलेला पोस्टमन पायरीवर बसला आणि साहेब कसा छळतो ते त्याने पहिल्यापासून सांगितलं. जाताना म्हणाला, "तुमच्यासारखं ऐकून घेणारं कुणी राहिलं नाही हो." काका दूध हातात घेऊन उभे. घरी पोचेपर्यंत दूध नासलं.

पण डाव्या बाजूला जमवलेली ही सगळी माया उजव्या बाजूने वाहून नेली. काकांच्या उजवीकडच्या घरात हेडमास्तर राहत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण शाळा काही सुटली नव्हती. रोज सकाळी सात वाजता ते आपल्या गॅलरीतून "नमस्कार!" म्हणत आणि काका आपल्या गॅलरीतून "नमस्कार!" म्हणत. मंगळवारी मास्तरांचा नमस्कार आला तेव्हा काकांनी बोटांत कप, कपात चहा अशा अवस्थेत मान न वळवताच पुटपुटल्यासारखं काहीतरी केलं. मास्तरांच्या ते कानावर गेलं नाही. बुधवारी तोंडात टूथब्रश होता. गुरुवारी काकांनी ठरवून, कपाट फिरवावं तसं सगळं अंगच उजवीकडे फिरवलं. त्यात कोपर लागून कुंडी खाली गेली. ती बघायला काका वाकले आणि वर आले तेव्हा मास्तर दार लावून आत गेले होते.

शुक्रवारी नमस्कार आला नाही.

शनिवारी इमारतीची सभा होती. विषय दुचाकी कुठे लावायच्या हा. मास्तर अध्यक्ष. त्यांनी मांडलं की दुचाकी पुढच्या झाडाखालून काढून इमारतीमागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावाव्यात. मग प्रत्येकाकडे बघत विचारत गेले. काकांपाशी आल्यावर काकांकडे न बघता म्हणाले, "यांची हरकत नसावी."

काकांची हरकत होती. त्या झाडाखाली त्यांची स्कूटर वीस वर्षं उभी होती. पण "आहे" म्हणायला त्यांनी तोंड उघडण्याआधीच सगळ्यांनी त्यांची झुकलेली मान बघितली. संमतीचं त्याहून स्वच्छ चित्र मिळालं नसतं.

"काका तयार आहेत," विमा एजंट म्हणाले. "मनाचा मोठेपणा बघा."

टाळ्या पडल्या. आता टाळ्या वाजलेल्या मोठेपणातून माघार कशी घ्यायची?

सोमवारी भाजी संपली म्हणून काका स्कूटर घेऊन बाहेर पडले. भाजीबाजार घरापासून सरळ एक किलोमीटर. मोठ्या चौकात उजवीकडे वळलं की आलाच. काका मात्र चौकात उजवीकडे न वळता सरळ गेले, पुढे डावीकडे वळले, मग पुन्हा डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दुसऱ्या बाजूने त्याच चौकात येऊन सरळ बाजारात शिरले. येताना तिसऱ्यांदा चौकात आले तेव्हा वाहतूक पोलिसाने हात केला.

"काका, काही हरवलंय का?"

"नाही."

"मग प्रदक्षिणा कसली चाललीय? उजवीकडे जायचंय तर उजवीकडे वळा की."

"वळत नाही."

"गाडी?"

"मान. आखडलीय."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

पोलीस तरुण होता, पण हिशेबाला पक्का निघाला. "मी या चौकात पाच महिने उभा आहे. पाचही महिने तुम्ही असेच फिरताय."

मग पोलिसाची नजर हँडलवर गेली. "आणि उजवा आरसा कुठाय?"

आरसा अकरा वर्षांपूर्वी भिंतीला घासून फुटला होता. नवा घ्यायला निघाले तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "आरसा कशाला? मी आहे ना." हे पोलिसाला कसं सांगणार? काका म्हणाले, "बसवतो. टोमॅटो उन्हात आहेत, जाऊ द्या." पोलिसाने त्यांच्या झुकलेल्या मानेकडे बघितलं, का कोण जाणे आपल्या बदलीची गोष्ट सांगायला लागला, आणि ती संपल्यावर जाऊ दिलं.

घरी न जाता काका थेट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी मान चाचपली, गोळ्या दिल्या आणि गळ्यात पांढरा पट्टा चढवला.

"प्रमाणपत्राचं काय?" काकांनी विचारलं.

"मान वळली की लगेच."

"आणि नाही वळली तर?"

"मग कशाला लागतंय प्रमाणपत्र?"

पट्ट्यावर हेल्मेट बसेना. काका हेल्मेट हातात घेऊन, स्कूटर ढकलत घरी आले. आता, गळ्यात पट्टा, हातात हेल्मेट, घामाघूम, आणि स्कूटर ढकलत आणणारा माणूस बघून लोकांनी काय समजावं? किराणावाल्याला जे समजलं ते त्याने वहिनींना सांगितलं. वहिनींनी पहिल्या मजल्यावर सांगितलं. पहिल्या मजल्यापर्यंत काका नुसते घसरून पडले होते. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत टेम्पो आला. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी लेकीला फोन केला तेव्हा टेम्पोचा ट्रक झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दारात उभी. केस विस्कटलेले, चपला दोन वेगवेगळ्या. काका नव्या कुंडीला पाणी घालत होते.

"अगं, तू कशी काय?"

लेकीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग दारातच बसून रडली. मग उठून भांडली.

"फोन का उचलत नव्हता?"

"उजव्या खिशात होता. खाली बघता येत नाही या पट्ट्याने."

"बास झालं. स्कूटर विकायची. गिऱ्हाईक बघून आलेय मी, नंबर आहे माझ्याकडे."

"महिना संपायला एकवीस दिवस आहेत," काका म्हणाले. तपासनीस माणूस, मुदतीच्या आत कारवाई त्यांनी कधी केली नव्हती आणि करूही दिली नव्हती.

लेक त्यांना त्याच दुपारी व्यायामाने मान सोडवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. फिजिओबाई वयाने लेकीएवढ्याच. त्यांनी पट्टा काढून बाजूला टाकला, दहा मिनिटं मान अशी काही दाबली की काकांना नोकरीला लागल्यापासूनची सगळी बदल्यांची गावं आठवली. पण मान बरीचशी सरळ झाली.

"दिवसभर काय करता? वाचन? टीव्ही?"

"थोडंफार. भाजी, किराणा. स्कूटर आहे."

"या स्टुलावर बसा. स्कूटरवर बसलाय असं समजा."

काकांनी लाजत हवेत दोन्ही मुठी धरल्या.

"कुठे निघालात?"

"भाजीला."

"चला मग."

काका निघाले. आणि आत्ताच सरळ झालेली त्यांची मान हळूहळू, आपणहून, डावीकडे झुकली.

"थांबा. मान वाकडी का केलीत?"

"केली नाही."

"समोर आरसा आहे. बघा."

काकांनी बघितलं. केली होती.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही नेहमीच असे बसता. मी लहान होते तेव्हापासून."

"तिला दिसायला हवं ना," काका म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं आणि त्यांनी हवेतले हात खाली घेतले.

"कुणाला?" फिजिओबाईंनी विचारलं.

उत्तर लेकीने दिलं. "आईला. आई बुटकी होती. मागे बसली की समोर बाबांचं डोकं. मग बाबा मान डावीकडे करायचे आणि ती उजव्या खांद्यावरून रस्ता बघायची. उजवीकडे वळायचं असलं की मागे बघायचं काम तिचं. रस्ता मोकळा असला की बाबांच्या खांद्यावर दोन थापा मारायची. मग बाबा वळायचे."

"आणि थापा नाही पडल्या तर?"

"तर वळायचं नाही," काका म्हणाले. "मागून गाडी असते."

मग लेकीने हळूच विचारलं, "बाबा, आठ महिने तुम्ही उजवीकडे वळलाच नाहीत?"

"डावीकडून सगळीकडे जाता येतं," काका म्हणाले. "थोडा वेळ लागतो, एवढंच."

फिजिओबाईंनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर व्यायाम लिहून दिले. शेवटचा असा: उभ्या स्कूटरवर बसून, रोज वीस वेळा, उजव्या खांद्यावरून मागे बघणे. लेकीने कागद वाचला, पिशवीतून एक चिठ्ठी काढली आणि फाडून टाकली. त्यावर गिऱ्हाइकाचा नंबर होता. पण तिची अट मात्र वाढली. "नुसती मान वळून चालणार नाही. तुम्ही वळायला हवं. मोठ्या चौकात, उजवीकडे, माणसासारखं. एकवीस दिवसांत. नाही जमलं तर मग खरंच विकू." तिने उजवा आरसा बसवून घेतला आणि ती गेली.

इमारतीमागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, काका रोज सकाळी उभ्या स्कूटरवर बसू लागले. पहिले चार दिवस त्यांनी एक लबाडी केली. मान वळवायचे तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. व्यायाम मानेचा आहे, डोळ्यांचा नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. पाचव्या दिवशी चुकून डोळे उघडे राहिले. मागे सीट होतं. सीटवर खळगा होता. पहाटे पाऊस पडून गेला होता, त्याचं वाटीभर पाणी खळग्यात साचलं होतं. काकांनी खिशातून रुमाल काढला, पाणी टिपून घेतलं, रुमाल पिळून हँडलला वाळत घातला आणि सहाव्या आकड्यापासून पुढे सुरुवात केली.

"पाच!" वरून आवाज आला.

मागच्या गॅलरीत हेडमास्तर उभे होते.

"सहा," काका म्हणाले.

"पाचच. मी पहिल्यापासून मोजतोय. आणि तिसरी पूर्ण वळली नव्हती, ती धरलेली नाही."

काकांनी वर बघितलं. उजवीकडे, वर. कळ आली, पण मान गेली. "मास्तर, नमस्कार."

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय," मास्तर म्हणाले. "माणसाने सांगावं की नाही? मान आखडलीय म्हणून चिठ्ठी तरी टाकायची. माझ्याकडे गैरहजेरीची चिठ्ठी चालते."

त्यानंतर मोजणीचं काम मास्तरांनी घेतलं ते कायमचं. लेकीला हे कळलं तेव्हा तिने मास्तरांनाच फोन केला. "मास्तर, चौकातल्या वळणाची परीक्षा तुम्हीच घ्या. मागे बसा आणि मला निकाल सांगा. बाबांवर माझा विश्वास नाही." बारा वर्षांत मास्तरांना कुणी परीक्षा घ्यायला बोलावलं नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी वहीत रकाने आखले.

अठराव्या दिवशी डॉक्टरांनी मान उजवीकडे, डावीकडे, वर, खाली करायला लावली आणि प्रमाणपत्रावर सही केली. विसाव्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता परीक्षा. मास्तर खाली आले ते नातवाचं हेल्मेट घालून. त्यावर जबडा उघडलेल्या वाघाचं चित्र होतं. ते मागे बसले तेव्हा काकांना सीट दबल्याचं जाणवलं आणि त्यांनी एकदम हँडल घट्ट धरलं.

"काय झालं?"

"काही नाही. जरा पुढे सरका, म्हणजे... नको. बसा तिथेच."

निघाले. मास्तरही उंचीने बेताचेच. पहिल्या वळणाच्या आतच काकांची मान डावीकडे झुकू लागली.

"मान सरळ!" मास्तर कानात ओरडले.

"तुम्हाला दिसणार नाही."

"मला बघून काय करायचंय? गाडी तुम्ही चालवताय. मी वहीत बघतोय."

काकांनी मान सरळ केली. मोठा चौक आला. सुट्टीचा दिवस, तुरळक वाहनं. पोलीस होता, काकांना उजव्या बाजूला सरकताना बघून तो रस्त्याच्या कडेला येऊन उभाच राहिला. काकांनी उजवा दिवा लावला. आरशात बघितलं. मग खांद्यावरून मागे बघितलं, पूर्ण, डोळे उघडे ठेवून. वाघाचा जबडा होता आणि त्याच्यामागे लांबपर्यंत मोकळा रस्ता होता.

काका वळले नाहीत.

एक टेम्पो आला आणि बाजूने गेला. काकांनी पुन्हा मागे बघितलं. पुन्हा मोकळा. पोलिसाने लांबून हाताने खूण केली, या, या. काकांना सगळं दिसत होतं, कळत होतं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र खिशात होतं. हात तेवढा मूठ पिळत नव्हता. खांदा वाट बघत होता.

"अहो, मोकळा आहे ना रस्ता?" मास्तर म्हणाले. काकांनी ऐकलं नाही असं वाटून त्यांनी पेन्सिल वहीत खोचली आणि मोकळ्या हाताने काकांच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारल्या. "चला की!"

स्कूटर वळली. वळण काही फार सुबक नव्हतं, जरा मोठंच घेतलं. पण उजवीकडचं होतं. पोलिसाने दोन्ही हात वर करून टाळी वाजवली आणि मग आपण ड्यूटीवर आहोत हे आठवून शिट्टी वाजवली.

भाजीबाजारात पोचल्यावर काकांना कळेना की इतक्या लवकर येऊन करायचं काय. भाजीवाले अजून पोती सोडत होते.

"डोळ्यांत काही गेलं का तुमच्या?" मास्तरांनी उतरता उतरता विचारलं.

"हेल्मेटची काच जुनी झालीय."

"मग वर करा ना काच."

काकांनी काच वर केली. मास्तरांनी वहीतली बेरीज दोनदा तपासली आणि तिथूनच लेकीला फोन लावला.

"नव्व्याण्णव," ते म्हणाले. "हो, पास. चांगले पास. एक गुण कापला, कारण रस्ता मोकळा असताना वळणावर विनाकारण थांबले."

फोन ठेवून ते काकांकडे वळले. त्यांना वाटलं, आता वाद होणार. एकतीस वर्षांत या माणसाने कुणाला दोन ग्रॅम सोडले नव्हते.

"थांबलात ना हो?" मास्तर जरा मवाळपणे म्हणाले. "मग गुण कापायला नको का?"

"कापा," काका म्हणाले, आणि सीटवरची धूळ रुमालाने पुसून भाजी बघायला गेले.